ट्राउटला नदी, मरळीला डबकं

मागच्या उन्हाळ्यात रिठदला एका मित्राच्या गच्चीवर आम्ही चौघं एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. व्हिडिओत एक गोरा माणूस छातीपर्यंत येणारी रबरी पँट घालून अमेरिकेतल्या एका नदीत मांडीभर पाण्यात उभा होता. मागे धरणाची भिंत, पाण्यावर सकाळचं धुकं. त्याने काठी दोनदा हवेत हलवली, दोरा लांब जाऊन पडला, आणि थोड्या वेळाने अंगावर ठिपके असलेला हातभर ट्राउट वर आला. त्याने तो कॅमेऱ्याला दाखवला, हळूच पाण्यात धरला आणि सोडून दिला.

"सोडला कायले बे यानं?" आमच्यातला एक म्हणाला. "येडा हाय का?"

हसलो. मग पुढचे दोन तास तसलेच व्हिडिओ बघत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन दुचाक्या काढल्या, बांबूच्या काठ्या, तंगूस आणि डब्यात गांडुळं घेतली आणि दक्षिणेला पैनगंगेवर गेलो. एका बॅरेजच्या खाली घोटाभर पाणी होतं, मध्ये एक लहानसा डोह. पँटी गुडघ्यावर दुमडून आत उतरलो. अर्धा तास झाला नसेल, तोवर वरून आवाज आला.

"काय करून राहिले रे पोट्टेहो? पाणी ठेक्याचं हाय. निंगा इथून!"

निघालो. वाटेत कुणी बोललं नाही. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून एक गोष्ट बसली आहे. धरणाखालच्या पाण्यात उभं राहून मासा धरणारा अमेरिकन माणूस खेळाडू असतो, हिमाचलमध्ये तेच करणारा पर्यटक असतो, आणि पैनगंगेत तेच करणारा रिठदचा पोरगा उनाड किंवा चोर असतो. हा लेख त्या अपमानाबद्दल नाही. अपमान चहाच्या टपरीवर विसरला गेला. प्रश्न त्यामागच्या नदीचा आहे, आणि ती नदी आपण विसरत चाललोय.

*

पाण्यात उतरून मासे धरणं म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी नदी फक्त पुलावरून पाहिली असेल.

काठावर बसून गळ टाकणाऱ्याला पाण्याचा वरचा भाग दिसतो. आत उतरणाऱ्याला तळ कळतो. पायाखाली वाळू आहे की गाळ, खडक शेवाळलाय की स्वच्छ, पाणी कुठे थंड लागतं म्हणजे खालून झरा आहे, कुठे पोटऱ्यांना ओढ बसते म्हणजे धार आहे. शिंगाळा कुठे बसेल, वाम कुठल्या दगडाखाली असेल, झिंगे कुठल्या मुळांत सापडतील, हे पायांना आधी कळतं. आमच्या भागातले भोई समाजातले एक काका, ज्यांच्याकडून मी गळ बांधायला शिकलो, ते एवढंच सांगायचे, "गळ तुटला त् चालते, पाय घसरला नाई पायजे."

या काकांना पैनगंगेचे डोह नावानिशी ठाऊक होते. उन्हाळ्यात आमची नदी तेव्हाही दुथडी भरून वाहत नव्हती, उगाच खोटी आठवण काढायला नको. अजिंठ्याच्या डोंगरात बुलडाणा जिल्ह्यात उगम पावणारी ही पावसाळी नदी आहे, पुढे वर्धेला मिळते. पण पाऊस संपल्यावर धार बारीक होत होत डोहांची एक माळ उरायची, आणि त्या डोहांत मासे पुढच्या पावसापर्यंत तग धरायचे. आता वर पेनटाकळीचं धरण आहे, खाली इसापूरचं, आणि मध्ये आमच्या वाशिम जिल्ह्यात बॅरेजेसची रांग. बॅरेजच्या वर पाणी तुंबलेलं, खोल, हिरवट. बॅरेजच्या खाली दरवाजे बंद झाले की दगड उघडे. डोह वरचे बुडाले, खालचे आटले. पायांनी वाचायची नदी मधूनच कापली गेली.

*

आता त्या व्हिडिओकडे परत जाऊ, कारण त्यात जे दिसत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात व्हाइट रिव्हर नावाची नदी आहे. ट्राउटसाठी जगभरातून लोक तिथे जातात. पण ट्राउट तिथला नाही. तिथला मासा होता स्मॉलमाउथ बास, कोमट वाहत्या पाण्यात, दगडगोट्यांमध्ये राहणारा. १९४४ मध्ये नॉरफोर्क आणि १९५१ मध्ये बुल शोल्स ही धरणं तिथे पूर्ण झाली. मोठ्या धरणाच्या तळाचं पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं थंड राहतं, आणि वीज करताना तेच खाली सोडलं जातं. त्या गारठ्यात धरणाखालचा बास टिकला नाही. मग सरकारने तिथे थंड पाणी आवडणारा ट्राउट आणून सोडला, आणि तो सतत पुरवण्यासाठी धरणाखाली हॅचरी बांधली.

म्हणजे आम्ही गच्चीवर जी "निसर्गरम्य" नदी बघत होतो, ती मूळ मासा घालवून बाहेरच्या माशाने भरलेली नदी होती. एक मोठा मत्स्यटँकच म्हणा, फक्त वाहता.

तरीही त्या लोकांकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. नुकसान झालं, हे त्यांनी कागदावर मान्य केलं. धरण बांधणाऱ्याने मासे मारले, तर भरपाई धरण बांधणाऱ्यानेच द्यायची, हे तत्त्व त्या हॅचरीमागे आहे. वीज करण्यासाठी पाणी कधी सोडणार याची माहिती तिथे लोकांना आधी मिळते, नदीत उतरणारा माणूस घरून निघताना ती बघतो. सुटण्याआधी भोंगा वाजतो. आणि वीज बंद असतानाही नदीत किमान पाणी राहावं म्हणून तिथल्या मासे धरणाऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडून ते मिळवलं. भांडू शकले, कारण ते रोज पाण्यात उभे होते. पाणी घोट्यावरून टाचेवर आलं हे त्यांना इंजिनिअरच्या आधी कळत होतं.

आपल्या देशातही ट्राउट आहे. इंग्रजांना विलायतेतली करमणूक इथे हवी होती, म्हणून त्यांनी काश्मीर, हिमाचल, निलगिरीच्या थंड ओढ्यांत त्याची अंडी आणून वाढवली. हिमाचलमध्ये आजही परवाना काढून ट्राउट धरता येतो. तिथल्या तीर्थन खोऱ्यातले जलविद्युत प्रकल्प सरकारला रद्द करावे लागले. लोक लढले म्हणून ते झालं, आणि त्या लढ्यातलं एक मोठं कारण ट्राउट होतं. मला त्या लोकांचा आदर आहे. पण विचार करा, साहेबाने करमणुकीसाठी आणलेला मासा एक नदी वाचवू शकतो. आणि या मातीत साहेबाच्याही आधीपासून असलेली मरळ, वाम, शिवडा, शिंगाळा यांच्यासाठी पैनगंगेच्या एका दरवाजाची एक फळीसुद्धा उघडत नाही.

आपल्या राज्याने २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर केला. पापलेट. समुद्रातला. त्याचं मला काही वाटत नाही, पापलेट चांगला मासा आहे. पण वाशिमपासून समुद्र किती लांब आहे ते नकाशात एकदा बघा.

*

"आपल्याकडेही सरकार मासे सोडतंच की," असं कुणीतरी म्हणेल. सोडतं. तेच तपासू.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशाला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन तलावात अंडी घालायला लावलं. फार मोठं काम होतं ते, म्हणून आजही १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस असतो. त्यातून रोहू, कटला, मृगळ यांचं बीज वाटेल तेवढं मिळू लागलं आणि देशभरच्या तलावांत पडलं. त्यावर हजारो भोई कुटुंबांच्या चुली पेटतात. तलाव ठेक्याने घ्यायचा, बीज टाकायचं, वर्षाने जाळं लावायचं. याला माझा विरोध नाही. तलाव हे माशाचं शेत आहे, आणि ज्याने पेरलं त्याने कापावं. त्या दिवशी आम्हाला हाकलणारा माणूसही त्याच्या जागी बरोबर असेल, पैसे भरून बसलेला तो एकटा नसतो, त्याच्यामागे घर असतं.

माझं भांडण पुढच्या पायरीवर आहे. तलावाचं शेत झालं, म्हणून नदीचंही शेत झालं का? मूळ उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांमधले हे तीन मासे बाजारात चालतात, म्हणून आपण "मासे वाढले" म्हणतो. कोणते वाढले आणि कोणते गेले, हे विचारत नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया, आपली चिलापी, आज कुठल्याही धरणाच्या कडेला उभं राहून पाहा. वर्षातून अनेकदा अंडी घालते, पिल्लं तोंडात सांभाळते, वाट्टेल ते खाते. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातोय आणि पुरात शेततळ्यातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत जातोय.

परका मासा वाईट आणि आपला चांगला, इतकं हे सोपंही नाही. त्याची गोष्ट पुण्यातून सुरू होते. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका महासीरचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला मराठीतलंच 'खुद्री' हे नाव ठेवलं. पुढे लोणावळ्याला टाटांच्या धरणांजवळ या माशाची हॅचरी झाली, लाखो पिल्लं तयार झाली आणि मोठ्या कौतुकाने देशभर वाटली गेली. काही कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा महासीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महासीरांपैकी एक. आपल्या निळ्या परांच्या पाहुण्याने तिथे बस्तान बसवलं आणि कुबडवाला मागे हटत गेला. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नेमकी ओळख पटवली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. ओळख पटेपर्यंत तो संपत आला होता.

हेतू चांगला, मासा आपला, संस्था नावाजलेली, आणि तरी एक नदी बिघडली. कारण पिल्लं सोडताना त्या नदीला कुणी विचारलं नव्हतं की तुझ्यात आधी कोण राहतं. पैनगंगेला तरी कोण विचारतंय?

*

आता पाण्याबद्दल.

८ जून २०१४ ला हिमाचलमध्ये बियास नदीत हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी फोटो काढायला उतरले होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं. चोवीस विद्यार्थी वाहून गेले. त्यांच्यासोबतचा सहलीचा माणूसही गेला. त्याचा व्हिडिओ अजून फिरतो. खडकावर एकमेकांना धरून उभी असलेली पोरं, भोवती वाढत जाणारं पाणी. मी तो एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहवला नाही.

आमच्याकडेही एकदा असं होता होता राहिलं. कुठल्या बॅरेजखाली ते सांगत नाही, कारण एका दरवाजावरच्या एका माणसाला पकडून हा प्रश्न सुटत नाही. परतीच्या पावसाचे दिवस होते, वर ऊन. माझा मित्र कमरेभर पाण्यात होता, मी मागे गुडघाभर. आधी पाण्याचा रंग बदलला, मग पाचोळा वाहत आला. काकांनी शिकवलेलं तेवढं लक्षात होतं, की ऊन असताना पाचोळा आला तर आधी बाहेर, मग प्रश्न. मी ओरडलो. तो आला, पण चपला आणि काठावरचा मोबाइल गेला. दहा मिनिटांत तो उभा होता ती जागा दिसेनाशी झाली. भोंगा वाजला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची कुणाची पद्धतही नव्हती.

"मग उतरता कशाला?" हे आम्हाला घरी ऐकवलं गेलं. बातमीखाली लोकही तेच लिहितात. मी उलट विचारतो. नदीत माणूस असणार, हे गृहीत का नाही? बाई धुणं धुते, गुराखी म्हशी घालतो, कुणी मोटारीचा फूटव्हॉल्व्ह काढायला उतरतो, कुणी अस्थी घेऊन येतो. नदी ही काही रेल्वेचा रूळ नाही. आमच्या तालुक्यात लग्नाच्या पंगतीचं बोलावणं एका तासात दोनशे लोकांच्या व्हॉट्सॲपवर पोचतं. दरवाजा उघडणार, एवढा निरोप काठावरच्या गावांच्या ग्रुपवर टाकायला कुठला निधी लागतो?

*

सगळ्यात मोठा आक्षेप माझ्या घरातूनच येतो. बाबा म्हणतात, "पाणी अडवलं म्हणून हरभरा पिकतो. मासे पाहू का पीक?"

बाबा चुकीचं बोलत नाहीत. विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष हा थट्टेचा विषय नाही. पावसाने ओढ दिली की सोयाबीनचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्या गावांनी पाण्यासाठी टँकरच्या रांगा लावल्या, त्यांना माशांसाठी पाणी सोडा म्हणणं ऐकायलाही उर्मट वाटतं. म्हणून मी बॅरेज फोडा म्हणत नाही. मी म्हणतो, थोडं सोडा.

आणि ही मागणी हवेतली नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये वरच्या गंगेसाठी नियम काढला, की नोव्हेंबर ते मार्चच्या कोरड्या महिन्यांतही प्रकल्पांनी येणाऱ्या पाण्यातलं किमान २० टक्के खाली सोडायचं, पावसाळ्यात ३० टक्के. गंगेला जे लागू, ते पैनगंगेला का नको? आमच्या नदीच्या नावातही गंगाच आहे. आमची नदी हिमालयातून येत नाही, तिचा आकडा वेगळा निघेल, लहान निघेल. निघू द्या. आज आमच्या हाताला आकडाच नाही, आणि बंद दरवाजाखाली जे उरतं त्याला शून्य म्हणतात. शून्यावर हरभराही पिकत नाही, कारण बॅरेजच्या खालच्या काठावरही शेतकरीच राहतात. त्यांच्या विहिरींना विचारा.

कुणी सांगेल, मरळ चिवट आहे, चिखलात राहते, हवा घेते, तिला काही होत नाही. खरं आहे. म्हणूनच डबक्यात शेवटी मरळच उरते, आणि आपण ती बघून म्हणतो की मासे आहेत की अजून. ज्यांना धार लागते ते केव्हाच गेलेले असतात.

*

एक कबुली दिल्याशिवाय हे संपवता येणार नाही.

मृगाच्या पहिल्या पुरात मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, अंडी घालायला. चढणीचे मासे म्हणतो आपण. पूर्वी ते ओढ्याओढ्यांतून शेताच्या बांधापर्यंत यायचे. आता बॅरेजच्या भिंतीला येऊन अडतात. पोटात अंडी, समोर काँक्रीट. तिथे ते इतके दाटीने गोळा होतात की जाळंही लागत नाही, टोपलीने भरता येतात. गावोगावची माणसं तिथे जमतात. मीही गेलोय. आठवीत असताना पोतं भरून आणलं होतं, आणि आई एकेका माशाच्या पोटातून अंडी काढत म्हणाली होती, "बापा, सारे लेकुरवाळेच आणले का रे?" घरात सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. मीही.

समुद्रात पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतात ती याच विणीसाठी. आमच्या भिंतीपाशी मात्र त्याच महिन्यात जत्रा भरते. त्यातले काही जण पुढे उन्हाळ्यात उरलेल्या डोहात करंट सोडतात, जिलेटीन फोडतात, ब्लीचिंग पावडर टाकतात. स्फोटकाने आणि विषाने मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. म्हणजे सव्वाशे वर्षं उलटली, आणि तरी हे लपून करावं लागत नाही. त्यामुळे सगळा दोष पाटबंधाऱ्यावर ढकलून मला मोकळं होता येत नाही. सरकारने भिंत घातली, आणि भिंतीपाशी पोतं घेऊन आपण उभे राहिलो.

आपल्यातलेच लोक वेगळंही वागू शकतात. रायगडमध्ये महाडजवळ वाळणकोंडीचा डोह आहे. तिथले मासे देवीचे मानले जातात. कुणी धरत नाही, लोक त्यांना खायला घालतात, आणि मासे हाताशी येतात. तिथे पहारेकरी नाही, तारेचं कुंपण नाही. गावाने ठरवलं, एवढंच. आपल्या पैनगंगेवर प्रत्येक बॅरेजखाली असा एक डोह राखता येणार नाही का? त्याला देवीचं नाव द्या नाहीतर ग्रामसभेच्या ठरावाचा नंबर द्या, माशांना फरक पडत नाही.

तर मागणं एवढंच आहे. दरवाजे बंद असतानाही थोडं पाणी खाली सोडा, आणि त्याचा आकडा बॅरेजवर पाटी लावून लिहा. दरवाजा उघडण्याआधी भोंगा वाजवा आणि काठच्या गावांना निरोप द्या. वाहत्या नदीत बीज टाकण्याआधी तिच्यात कोण राहतं ते मोजा, आणि मोजायला भोई समाजातल्या जाणत्या माणसांना पगार देऊन बोलवा, त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. पहिल्या पुराचे काही आठवडे भिंतीखालची जत्रा बंद ठेवा, हे आपण स्वतःच करू शकतो. आणि दरवाजांखालचा वाहता पट्टा गळाने धरणाऱ्याला मोकळा ठेवा. एका काठीने नदी रिकामी होत नाही.

राहिलं तुमचं. तुम्ही हे मोबाइलवर वाचताय आणि याखाली बहुतेक पुढचा ट्राउटचा व्हिडिओ थांबलेला असेल. बघा, मीही बघतो. पण या रविवारी एकदा तुमच्या गावच्या नदीवर जा, सोबत कुणाला तरी घ्या, वरच्या दरवाजांची चौकशी करा, आणि पँट दुमडून घोटाभर पाण्यात उतरा. घोटाभर पाणी असेल तर. नसेल, तर दगडांचा फोटो काढा, तारीख लिहा आणि ग्रामसभेत दाखवा. आमच्या ग्रुपवर आम्ही मे महिन्यापासून असे फोटो साठवतोय. काकांनी ते पाहिले, मोबाइल लांब धरून, डोळे बारीक करून. म्हणाले, "हा दगड मले वळखू येते. याच्यावर उभं राहून मी पयला मासा धरला व्हता." फोटोत त्या दगडाभोवती ओलसुद्धा नव्हती.